डावीकडची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी, काळ्या रबराची टाकी आहे. छपरावरची पाण्याची नव्हे हं! मी उभ्या डब्याएवढी, आणि माझ्या पोटात मोठ्या कॅमेऱ्याची पोस्टकार्डाएवढी फिल्म धुतात.

माझी उमेदीची वर्षं लखनौला, अमीनाबादच्या एका फोटो स्टुडिओत गेली. नवी जोडपी, मिशांना पीळ देणारे वकील, सगळे आधी माझ्या अंधारात उमटले. स्टुडिओ बंद पडला आणि मी धूळ खात पडले. मग रेल्वेत नोकरी करणारा नागपूरचा देवानंद मला माझ्या दोन बहिणींसकट तेलीबागच्या घरी घेऊन आला. "कुठून आणलंत हे भंगार!" म्हणत त्याच्या बायकोने, स्नेहलने, कपाळाला हात लावला. पण देवानंद मला फार जपायचा.

आम्ही तिघी बहिणी दिसायला अगदी सारख्या. डावीकडे मी, माझ्यात चित्र उमटवणारं औषध. मधलीत पाणी. उजवीकडचीत हायपो. तो उमटलेलं चित्र पक्कं करतो, पण फिल्म आधी त्याच्यात पडली तर सगळं पुसून टाकतो. काम ठार अंधारात, बाथरूमचं दार लावून, फटींवर काळं कापड ठोकून. देवानंदचे हात फक्त आमच्या जागांच्या भरवशावर चालायचे.

यंदा उन्हाळ्यात त्याची आई कमलताई आल्या होत्या. मोबाइल समोर धरला की त्या पदर तोंडावर ओढायच्या. या मोठ्या कॅमेऱ्यासमोर मात्र सावरून बसल्या. म्हणाल्या, "काढ बाबा एकदाचा. आपल्या गीताला आवडेल असा काढ." देवानंदने शेवटची उरलेली फिल्म त्यासाठी वापरली. पुढच्याच आठवड्यात त्या झोपेत गेल्या.

कमलताईंच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. देवानंदची धाकटी बहीण गीता सारखी मागे लागलेली, "दादा, फोटो कधी दाखवतोस? आईचा चेहरा धड एकाही फोटोत नाही रे!"

लखनौचा जून, नळाला नुसतं कढत पाणी. देवानंदने आम्हाला भरून बाथरूममध्ये बर्फाच्या टबात गार व्हायला ठेवलं आणि तो कापड आणायला गेला. परत आला तर पुढच्या खोलीतच मुलगी दीप्ती म्हणाली, "पापा, रुको, बाथरूम में बुआ हैं।"

आंघोळीचं पाणी औषधात उडू नये म्हणून बुआने, म्हणजे गीताने, आम्हाला बाहेरच्या बोळात ठेवलं. आंघोळ झाल्यावर पुसून परत टबात ठेवलं. किती जपून, मित्रांनो! पण उलट्या क्रमाने. मी आता उजवीकडे होते.

दार लागलं, दिवा विझला. देवानंदच्या नाकाला हायपोचा वास कळला असता, पण रडून रडून त्याचं नाक बंद झालेलं. त्याचा हात डावीकडे गेला. अरे थांब, मी इकडे आहे! माझा जीव नुसता तडफडत होता. रबराला कुठला आवाज? फिल्म माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात कमलताई नव्हत्याच. मी जिवाच्या आकांताने शोधलं. काही म्हणजे काही सापडलं नाही.

दिवा लागला. हातात कोरी काच असावी तशी फिल्म. देवानंदने ती दिव्यासमोर धरून उलटसुलट पाहिली.

"दादा, झालं का?" बाहेरून गीता म्हणाली. "तुझे डबे मी बाहेर काढून पुन्हा नीट ठेवले होते हं, थेंब सांडला नाही. कसा आलाय फोटो?"

देवानंदने आमच्याकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"बिघडला गं," तो म्हणाला. "माझ्याच हातून बिघडला."

गीता हंबरडा फोडून रडली. "एक काम होतं दादा, तेवढंही तुला धड जमलं नाही!" ती नागपूरला गेली ती त्याच्याशी न बोलताच. आता तिचा फोन येतो तो वहिनीला. देवानंद शेजारी बसून नुसता ऐकतो.

मी माळ्यावर आहे, कोरडी. मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूला मायेने हात लावायचा असला तरी आधी विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी नागपूरला गेलं तर गीताला खरं काय ते सांगू नका, तिला ते पेलणार नाही. एवढंच सांगा, की दादाला एक फोन कर.