हाडबाबा आणि वाकलेली करंगळी

हाडबाबांच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पंखे बंद होते. कृपेला म्हणे वारा बाधतो.

“बघा!” बाबा गरजले. प्लास्टरबाहेर आलेला एका लहान मुलीचा हात त्यांनी मनगटाशी धरला, ‘सूक्ष्म, अतिसूक्ष्म’ असं काहीबाही पुटपुटले, आणि तिची लुळी करंगळी हळूच तळव्याकडे वळली. गर्दीनं छप्पर डोक्यावर घेतलं.

मुलीची शिवणकाम करणारी आई ढसाढसा रडली. झोपाळ्यावरून पडून लेकीचा कोपर मोडला होता. ऑपरेशन करून तारा घालण्याआधीच डॉक्टरांनी बजावलं होतं, “कोपराच्या आतल्या बाजूनं करंगळीची नस जाते. क्वचित तार तिला लागते. बोटं बधिर वाटली तर त्याच दिवशी या.”

बोटं बधिर झाली. आई त्याच दिवशी निघालीही. पण जाऊबाईंनी रिक्षा बाबांकडे वळवली.

“बोटाला कळतंय का, सुई टोचून बघू का?” आईनं बाबांना विचारलं. सुई तिच्या ब्लाउजच्या गळ्याशी कायम खोचलेली असे.

“टोचा की! शंका शिरली की कृपा निघाली. मग माझ्या नावानं बोंबलू नका.”

तिनं सुई परत खोचली.

असे कित्येक आठवडे गेले. एका दुपारी जाऊबाई खुर्चीत घोरत होत्या. मुलीनं चांगल्या हातानं त्यांचं मनगट मागे वाकवलं. बोटं आपसूक मुडपली.

“आई, काकूपण बरी झाली! बाबा अस्संच करतात. मी कुठे हलवते बोट?”

आईनं सुई काढली. “बाळा, तिकडे बघ हं.”

“बघतेय. टोच ना.”

“टोचली गं.”

डॉक्टरांनी तार काढली. “मनगट मागे गेलं की स्नायूंच्या दोऱ्या ताणल्या जातात, बोटं वळतात. कुणाचीही. त्यात कसली कृपा? ही नस बहुतेकदा सुधारते, पण तार इतके दिवस तिच्यावर टेकून राहिली...”

“या हातानं सुई धरेल ना ती?”

“आता सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

आईनं हॉलमध्ये जाऊन सगळं ओरडून सांगितलं. “तुझी श्रद्धाच पातळ,” जाऊबाई म्हणाल्या. तेवढ्यात पुढच्या पोराचं मनगट वाकलं, टाळ्या पडल्या, आणि आईचं बोलणं त्यात बुडालं.

तुमच्यासमोर कुणी असा हात धरला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला मनगट सोडायला सांगा. आणि डॉक्टर ‘त्याच दिवशी’ म्हणाले असतील, तर त्याच दिवशी जा. नस कुणाच्या श्रद्धेसाठी थांबत नाही.