टपापर्यंत

चाकं

"बुटकेराव, टप शेवटचा कधी धुतलात?"

सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा तो चौदा नंबरवाल्यांच्या नव्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. चाक बसलेल्या त्याच्याएवढंच उंच.

रोज धुतो की, असं तो पुटपुटला. सेक्रेटरी म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी टपांची चौकशी केलीय. एक तारखेपासून मशीनने गाड्या धुणारे यायला तयार आहेत. बघा काय ते.

गाडी वरून खाली धुवायची, हा त्याचा एकवीस वर्षांचा शिरस्ता. गेले तीन महिने तो चाकापासून सुरू करत होता आणि हात पोचेल तिथे थांबत होता. टप कोण बघतंय?

दारं

पूर्वी पार्किंगच्या या टोकाला उभं राहिलं की सगळ्या टपांवरून ते टोक दिसायचं. आता दोन गाड्यांमध्ये तो शिरला की बायकोला हाका मारत शोधावं लागतं.

या वर्षी पेट्रोल तीनदा महागलं आणि आवारात तीन गाड्या आल्या, प्रत्येक आधीच्या गाडीहून मोठी. चौदा नंबरवाले स्वतःच म्हणाले होते, जुनीच्या दुप्पट पिते.

"मग कशाला घेतलीत, साहेब?"

साहेब ओशाळले. "वर बसलं ना, की माझ्यावर कुणी ओरडत नाही."

दार लागलं ते धान्याचं पोतं पडल्यासारखं. त्या आवाजाने त्याच्या अंगावर अजून काटा येतो. एवढं लोखंड माणसाच्या एका बोटाने चालतं! ओला पत्रा पुसताना तो कधी कधी नुसताच तळवा टेकवून उभा राहतो. आतून ऊब येते.

काच

घरी तो म्हाताऱ्या बाईवर घसरला. दुसरं काही काम नाही तिला, म्हणाला.

"नाहीच आहे," बायको म्हणाली. ती आजींकडे लादी पुसायला जाते. पाय गेल्यापासून आजींचा पलंग खिडकीशी आहे. वरून खाली फक्त टप दिसतात. गाड्यांच्या मधून फिरणारी माणसं आता दिसतच नाहीत.

"तुमचा पिवळा फडका टपावर फिरला की सात वाजले, असं धरून त्या गोळी घ्यायच्या. अहो, तक्रार कसली? धुणारे गेले का, एवढंच विचारलं त्यांनी."

"गेले म्हणजे?"

बायकोने मोरीतलं स्टूल धुऊन दाराशी ठेवलं.

टप

सकाळी तो चौदा नंबरवाल्यांच्या गाडीशी स्टुलावर चढला आणि थबकला. त्यांची दोघांची गादी पसरून वर जागा उरली असती. एवढं मैदान तीन महिने डोक्यावर होतं आणि त्याने पाहिलं नव्हतं.

पाणी ओतलं. वाळलेली घाण सुटली. फडका जाईल तिथून काळ्या रंगात आभाळ उघडत गेलं. मग एक तार, उलटी इमारत, उलटा तिसरा मजला.

वर बघायचं धाडस त्याला झालं नाही. टपातली ती खिडकी मात्र त्याने दोनदा पुसली. तिच्यात पांढरं काहीतरी हललं.

एक तारखेला चार दिवस होते.

त्याने फडका पिळला, स्टूल उचललं आणि पुढच्या गाडीशी नेऊन टेकवलं. सात वाजायला आले होते.