काळी म्हणजे पास

हवेच्या चाचणीत टाकीवरची काच फुटली आणि तिचा तुकडा रंगरावांच्या गळ्यात घुसला. धायरीतल्या त्यांच्याच शेडमधून त्यांना टेम्पोत घालून नेलं, तेव्हा ते जिवंत होते. मुलगा इंद्रजीत सोबत गेला नाही. त्याने लोखंडी पाइप उचलला. पंप चालवणाऱ्या दत्तप्रसादच्या खांद्यावर पहिला फटका बसला, दुसऱ्याने मनगट मोडलं.

“लय दाब सोडलास तू.”

“नाही भाऊ. ठरल्याएवढाच होता.”

“मग काच फुटली कशी? मी सोत्ता तपासली हाय. काळीभोर होती.”

शेडमध्ये बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या जाड काचेच्या पट्ट्या बनतात. काच घाईने थंड झाली की ताण आत अडकतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. प्रकाशाला एकाच दिशेने कंपू देणाऱ्या दोन आडव्या-उभ्या पडद्यांमध्ये धरली की ताण उजळतो, रंग उमटतात. ताण नसेल तर काळोख. म्हणून इथे ‘काळी’ म्हणजे पास.

तपासणीचं काम उत्कर्षाचं. कर्वेनगरहून ती उशिरा पोहोचली आणि जमिनीवरचं रक्त ओलांडून थेट यंत्रापाशी गेली. पडद्यांलगतच्या दोन्ही खाचा रिकाम्या होत्या. त्यातल्या पारदर्शक चकत्या कचऱ्याच्या डब्यात पडल्या होत्या.

“मारून झालं असेल तर इकडे या,” ती म्हणाली. “या कोणी काढल्या?”

“मी. पॅकिंगचं प्लास्टिक व्हतं. तुम्ही कुणी सोलून काढलं नव्हतं.”

“मोबाइलच्या स्क्रीनवर असतं तसं?”

“हां.”

“त्या प्रकाशाचं कंपन गोल फिरवणाऱ्या क्वार्टर प्लेट होत्या. त्या नसल्या आणि ताण पडद्याच्या दिशेत असला, तर तो दिसतच नाही.”

तिने त्याच भट्टीतली दुसरी पट्टी सरळ ठेवली. काळी. मग तिरकी फिरवली. पिवळे, तांबडे, निळे पट्टे काचेच्या टोकापर्यंत धावले.

इंद्रजीतने ती स्वतः सरळ केली. पुन्हा तिरकी केली. मग पाइप घालून फोडली.

“पेटीभर अजून आहेत,” उत्कर्षा म्हणाली.

तो वळला. दत्तप्रसादच्या मोडक्या मनगटावर त्याने बूट ठेवला आणि भार दिला.

“म्हण. दाब मीच वाढवला, म्हण.”

दत्तप्रसाद ओरडला, पण ते शब्द त्याने म्हटले नाहीत. बूट आणखी रुतला. उत्कर्षाने टाकीजवळचा मोठा पाना दोन्ही हातांनी उचलला आणि इंद्रजीतच्या गुडघ्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. तो पडल्यावर तिने पाइप लाथेने शेडबाहेर ढकलला.

“चालता येईल?”

“पाय शाबूत आहेत, मॅडम.”

तिने ओढणीने त्याचा हात गळ्यात बांधला, पेटीतल्या काचा स्कूटरच्या डिकीत भरल्या आणि त्याला मागे बसवून ती पोलीस चौकीकडे निघाली.