मोडलेल्या घड्या

टेलरबाईंना विरंगुळा या शब्दाचीच चीड होती. जन्मभर शिलाईचं दुकान चालवलं, जेवायला बसायची फुरसत मिळाली नाही, आणि आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मुलगा कामावर जाताना त्यांना रोज म्हाताऱ्यांच्या केंद्रात सोडून जायचा. "आई, आता फक्त मजा कर," म्हणायचा. मजा म्हणजे काय, तर पिकल्या केसांच्या माणसांनी गोल करून बसायचं आणि एकमेकांकडे फुगा ढकलायचा. फुगा! ज्या हातांनी गावभरच्या नवऱ्यामुलांचे कोट शिवले, त्या हातांनी फुगा! वर केंद्राच्या मॅडम टाळ्या वाजवणार, "छान छान, आज्जी!" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"मला काहीतरी काम द्या," म्हणून त्या हात धुऊन मॅडमच्या मागे लागल्या. शेवटी मॅडमनी टॉवेलांची टोपली आणून ठेवली.

"लाँड्रीतून आलेत. घड्या घालून द्याल? आमचं फार अडलंय हो."

अडलंय म्हटल्यावर बाईंना दहा हत्तींचं बळ आलं. काठाला काठ जुळवून त्यांनी टोपली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या आधी त्याच तयार. "चल रे लवकर, माझी तिथे वाट बघतात."

काही दिवस असे सुखात गेले. मग एकदा एका टॉवेलवर चहा सांडला. बाईंनी तो वेगळा काढून धुवायला टाकायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तोच टॉवेल पुन्हा टोपलीत, डाग जागच्या जागी. राहिला असेल, असं त्यांना वाटलं. पण त्याच दुपारी पाणी प्यायला म्हणून त्या उठल्या, तर कोठीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मॅडम त्यांच्या घड्या एकेक करून मोडत होत्या आणि टॉवेल चुरगाळून टोपलीत कोंबत होत्या.

"हे काय चाललंय?"

मॅडम गडबडल्या. "आजी, तुमचा वेळ जावा म्हणून... आम्हाला शिकवतातच तसं."

"वेळ माझा तसाही चाललाय, त्याला तुम्ही धक्का कशाला देता? आणि अडलंय म्हणालात! मी रोज घरी सांगत होते, माझ्यावाचून तिथे अडतं म्हणून!" बाईंचा आवाज चढला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याचाही राग आला.

तणतणत त्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसल्या. शेजारी गुरुजी होते, निवृत्त हेडमास्तर. हात कापायचे त्यांचे. रोजच्यासारखी त्यांनी सुपाची वाटी बाजूला सारली. "भूक नाही."

बाई आज कोणाचंच ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हत्या. "गुरुजी, सरळ सांगा. खरंच भूक नाही?"

गुरुजी खाली बघत म्हणाले, "आहे हो. पण सगळं अंगावर सांडतं. सून बिचारी रोज शर्ट घासत बसते. बघवत नाही मला."

बाई उठल्या. कोठीतली टोपली फरफटत टेबलाशी आणली, आपल्या पिशवीतला सुईदोरा नि कात्री काढली आणि कात्री सरळ टॉवेलला लावली. गळा कापला, कापलेल्या पट्टीचे बांधायला बंद केले, दोन टाके घातले.

"मान पुढे करा."

गुरुजींनी सूप संपवलं. अर्धं पोटात, अर्धं टॉवेलवर; शर्ट कोरा करकरीत. त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. पलीकडून एक आजोबा म्हणाले, "बाई, मलाही एक शिवा." मग काय, कात्री थांबेचना.

मॅडम धावत आल्या. "अहो आजी, सगळे कापलेत! आता उद्या घड्या घालायला तुम्हाला देऊ काय?"

बाईंनी गुरुजींच्या गळ्यातला सुपाने भिजलेला टॉवेल सोडला आणि मॅडमच्या हातात ठेवला.

"हेच द्या," त्या म्हणाल्या. "पण आधी धुऊन आणा."