अर्ध्या गिलासाचा शब्द

घरात मयत झालेलं, बैठकीत बायका रडून राहिलेल्या, आणि आतल्या खोलीत ड्रम बोलून राहिला होता. गुळुक. जरा थांबायचा, परत गुळुक.

यांच्या निलंग्याच्या मावशीनं रडणं मधेच थांबवलं. "आत कोण हाय गं, सिंधू?"

"कोणी न्हाई."

"मग आवाज कशाचा?" तिनं कान लावला आणि एकदम हात जोडले. "जीव घुटमळतोय गं माझ्या लेकराचा. घर सुटंना त्याला."

आता मी काय सांगू? मावशी, जीव नाही, बियर आहे ती? म्हटलं, "नळात हवा भरली असंल."

आमचे हे, दयानंद, नांदेडच्या एसटी वर्कशॉपात मेकॅनिक होते. गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. एवढंच. माणूस असा जातो का? सकाळी दारातून मला काय सांगून गेले, तर "सिंधू, ड्रमचं झाकण उघडू नको बरं का." इतक्या वर्षांच्या संसारातला शेवटचा शब्द हा. मला याचा अजून राग येतो.

तसं त्यांना व्यसन म्हणावं असं काही नव्हतं. पगार झाला की डेपोतल्या विनोद भाऊजींबरोबर एखादी बियर, बस. मग मोबाईलवर कुठंतरी बघितलं की बियर घरी बनते, आणि डबा मागवला. डब्यात काकवीसारखं दाट काळं माल्ट, म्हणजे मोड आलेल्या जवाचा अर्क. ते गरम पाण्यात विरघळवायचं, साखर घालायची, वरून गार पाणी, मग पुडीतलं यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावून गप बसायचं. झाकणाला पाणी भरलेली एक नळी, तिच्यातून हवा निघते, तोच तो गुळुक. "सगळ्यात अवघड काम गप बसायचं हाय," असं म्हणायचे आणि दर तासाला जाऊन बघायचे.

पण नांदेडचा उन्हाळा! त्या यीस्टला गारवा लागतो, इथं माणसाला मिळंना. पहिल्या डब्यासाठी आमचा कूलर आतल्या खोलीत गेला. मी आणि आरती, आमची लेक, घामानं निथळतोय आणि ड्रम कूलरपुढं जावयासारखा बसलाय. एवढे लाड करून बियर झाली कशी? आंबट ढाण. दुसरीला सडक्या केळ्याचा वास. तिसऱ्या खेपेला माळ्यावर बाटल्या फुटल्या आणि सगळं खाली वाळत घातलेल्या पापडांवर. शेजारीण धावत आली, "काय फुटलं ओ?" म्हटलं, "माझं नशीब."

चिडले की मी म्हणायची, "मेला तो ड्रम." आता तो शब्द तोंडात येत नाही.

तरी माणूस हटला का? न्हाई. दर वेळी गिलास पुढं करायचे, "एक घोट घेऊन तर बघ." मी नाक धरायची. शेवटी बेजार होऊन एकदा बोलून बसले, "चांगली करून दाखवा, मग अर्धा गिलास पिईन." तर एवढे खूश झाले, जसं काय मी अख्खा ड्रम पिते म्हणाले. यंदा मुद्दाम थंडीची वाट बघितली. ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं, थर्मामीटर चिकटवलं, उत्तरेकडची खोली दिली. "सिंधू, ही जमणार. तुझा अर्धा गिलास पक्का." आणि ती फसफसून बोलायला लागली त्याच आठवड्यात हे गेले.

राख सावडून आल्यावर नरसिंग भाऊजींनी ती खोली उघडली. हे माझे धाकटे दीर, मुखेडला शेती बघतात, गळ्यात माळ. दारातच थबकले.

"वहिनी, सुतकाच्या घरात दारू? वतून देतो."

"हात लावून बघा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी पिठलं-भाकरी आणलीय, खातील आन् जातील. त्या ड्रमला हात लावाल तर आधी मला मोरीत वता."

मी खोलीला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली. भाऊजी म्हणाले, दहावा होऊ द्या, मग बघतो. त्यांचंही काय चुकलं? भाऊ गेला होता. त्यांना काहीतरी नीट करायचं होतं, आणि नीट करण्यासारखं हाताशी तेवढा ड्रमच होता.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. समोरच्या लिंबावर कावळे ढीगभर, पण एक खाली येईना. मग सुरू झालं. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याची इच्छा राहिली, ती ओळखून शब्द द्यायचा. चुलत सासऱ्यांनी हात जोडले, "दया, आरतीला डॉक्टर करू." आरती लातूरला नीटच्या क्लासला आहे. कावळे ढिम्म. "सिंधूला अंतर देणार न्हाई." ढिम्म. कोणी भजी ठेवली, कोणी तंबाखूची पुडी सोडली, जी त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघून राहिले.

मला माहीत होतं काय राहिलंय. आरतीच्या शिक्षणाची त्यांना फिकीर नव्हती, ती हुशार आहे. माझीही नव्हती, मी वाघीण आहे असं तेच सांगत फिरायचे. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तमाम भावकीसमोर ओरडले, "अहो, पिते मी! अर्धा गिलास पिते, शब्द दिला म्हणजे दिला! या आता!"

मावशीनं तोंडाला पदर लावला. एक कावळा वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर आला आणि तिथंच बसला.

नरसिंग भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, कावळ्याकडं बघितलं. गळ्यातली माळ मुठीत धरली आणि रडत रडत ओरडले, "दादा, न्हाई वतत! तुझी बियर न्हाई वतत!"

कावळा सरळ खाली आला आणि भाताचा घास घेऊन गेला. आता मी काही एवढी भोळी नाही, भूक लागली असंल त्याला. पण त्यानंतर ड्रमबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढं काही दिवसांनी गुळुक थांबलं. त्या दिवशी मी खरी रडले. घरात त्यांचा म्हणून तेवढा एकच आवाज राहिला होता, तोही गेला. विनोद भाऊजींना बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी, बिघडली न्हाई. थांबली म्हणजे तिचं काम झालं. आता बाटल्या." आरतीही सुट्टी काढून लातूरहून आली. बाटल्या स्वच्छ धुतल्या, नळीनं बियर भरली, प्रत्येकीत जरा जरा साखर, म्हणजे फेस धरतो. वरून पत्र्याचं बूच दाबायचं एक यंत्र असतं, त्याचा दांडा आरतीनं धरला. "पप्पा हे माझ्याकडूनच करून घ्यायचे," म्हणाली, आणि शेवटच्या बाटलीपर्यंत तिनं तो दांडा कोणाच्या हातात दिला नाही.

मग परत गप बसायचं. मला कधी जमलं नव्हतं ते. आरती लातूरला परत गेली, आता घरात बोलायलाच कोणी नव्हतं, त्यामुळं जमलं.

थंडी सरता सरता एका दुपारी मी एक बाटली गार केली आणि यांचा गिलास काढला. बूच काढलं तर फस्स झालं. पांढरा फेस वर आला आणि तसाच टिकून राहिला. खाली मधासारखा रंग. या वेळी नाक धरलं नाही. पहिला घोट कडू लागला, पण मागून गोडसर, आणि वास थेट भाजलेल्या हुरड्याचा. बियरमधलं मला काही कळत नाही, पण चांगलं झालेलं कळतं. जिंदगी चुलीपुढं गेलीय माझी. ती चांगली झाली होती हो. अर्धा गिलास प्यायले, शब्द पुरा केला, आणि तिथंच फरशीवर बसून हंबरडा फोडला. अहो, जमली की तुम्हाला! आणि तुम्हालाच ठाऊक न्हाई!

संध्याकाळी विनोद भाऊजींचा फोन आला. "वहिनी, उघडून बघितली का? डेपोतले सगळे विचारून राहिलेत. दयाच्या नावानं एकेक घोट घेऊ म्हणतात."

मी पलंगाखाली ओळीनं उभ्या असलेल्या बाटल्यांकडं बघितलं. त्यांच्या हातचं जगात तेवढंच उरलं होतं. डेपोतली दांडगी माणसं, एका बैठकीत फस्त करतील. म्हटलं, "बिघडली हो भाऊजी. वतून दिली."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. "बिचारा दया. शेवटपर्यंत जमलीच न्हाई त्याला."

फोन ठेवला. भाकरी तव्यावर टाकली ती करपली. दुसरी टाकली, तीही करपली. जमलीच न्हाई त्याला. हे आता डेपोत जाणार. चहाच्या टपरीवर कोणी हळहळणार, कोणी हसणार, आणि हसवलं कोणी? मी. आणि ठेवून तरी किती दिवस ठेवणार होते? उन्हाळा तोंडावर आला होता. होळी झाली की पलंगाखाली एकेक बाटली फुटली असती आणि मी वर पडून ऐकत बसले असते. यांना धरून ठेवायला गेले आणि यांचंच नाव घालवत होते.

गॅस बंद केला, फोन लावला. "भाऊजी, खोटं बोलले मी. जमली त्यांना. लई चांगली जमली. रविवारी या सगळे, आन् येताना बर्फ आणा."

रविवारी अंगण भरलं. मुखेडहून नरसिंग भाऊजी आले. त्यांच्या हातात गिलास दिला, तो त्यांनी कपाळाला लावला, वास घेतला आणि यांच्या फोटोपुढं ठेवला. "हुरड्यावानी वास येतोय, वहिनी," एवढंच म्हणाले. विनोद भाऊजींनी मोठा घोट घेतला, डोळे मिटले. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. मी चिवड्याची परात घेऊन दारात उभी होते.

"एक नंबर," ते म्हणाले. "वहिनी, बारमधी अशी मिळत न्हाई. एक नंबर केली गड्यानं."

"ऐकलं का हो?" मी आतल्या खोलीकडं मान वळवून विचारलं.

सगळ्यांनी वळून आत बघितलं. आत कोण असणार? ड्रम होता, मीच सकाळी धुऊन पालथा घातलेला.