मुकी पिपाणी

गोरिच्कोच्या टेकड्यांवर नवख्या शिकाऱ्याला नर बोलवायला शिकवावं ते गेझामामानंच, हे शिकारी मंडळात कधीचंच ठरून गेलं होतं. जुलै सरता सरता रो जातीच्या हरणांचे नर माजावर येतात. मादीसारखी बारीक साद घातली की भान विसरून धावत सुटतात. मामा ती साद लाकडी पिपाणीतून काढायचा. गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याच्या हाताखालच्या एकाही नवख्याकडे नर फिरकला नव्हता. मामानं उकाड्याला दोष दिला, मग लांडग्यांना, मग सायकलवाल्या पर्यटकांना.

या वर्षी शिकायला आली ती त्याची भाचीच, इलोंका. चाळिशी उलटलेली, सोबोता शहरात औषधांच्या दुकानात नोकरी. शिकारीची परीक्षा वसंतात पास झाली होती.

पहिल्या सकाळी दोघं कुट्टूच्या शेताकडेच्या मचाणावर बसले.

"चढल्या चढल्या फुंकायचं नाही," मामा म्हणाला. "आपण केलेली खुडबुड रानानं विसरली पाहिजे. मग अगदी हळू सुरुवात. नर जवळच लोळत पडला असेल आणि तू त्याच्या कानात बोंबललीस, तर तो येईल की पळेल?"

"पळेल."

"हां. आणि तो समोरून येईल या भ्रमात राहू नकोस. लबाड वळसा घालतो, वास घेत येतो. नजर तिकडे, वारा वाहत जातो त्या खालच्या अंगाला."

मग त्यानं पिपाणी ओठांना लावली. गाल फुगले, बोटं हलली, आणि आतून नुसती घरघरती हवा बाहेर आली.

"कळलं? शेवटाला कशी वर चढते?"

इलोंकानं मान डोलावली. तिला वाटलं, साद अशीच असेल, आपल्यालाच उमज नाही.

दुसऱ्या सकाळी रानाच्या कडेला खरोखर एक नर आला. नाक जमिनीला लावून मादीचा माग काढत होता. मामानं पिपाणी फुंकली. नरानं मान वर केली, मचाणाकडे पाहिलं आणि कुत्र्यासारखा भुंकत रानात पळाला.

"शहाणा झालाय," मामा म्हणाला. "कुणीतरी आधीच फसवलेला दिसतो."

तेवढ्यात खालच्या गवतात, अगदी मचाणापाशी, एका मादीनं साद घातली. बारीक, स्वच्छ, शेवटी वर चढणारी. इलोंका चटकन वळली. मामा पिपाणी रुमालानं पुसत बसला होता. त्यानं मानही वळवली नाही.

इलोंका त्याच्या कानाशी वाकली. "मामा, पिपाणी वाजतच नाहीये."

"परीक्षा पास होऊन चार महिने नाही झाले, आणि मला शिकवतेस?"

"आत्ता खाली मादी ओरडली. ऐकलीत तुम्ही?"

मामानं खाली पाहिलं. मादी गवतातून सावकाश निघाली होती. तिची मान ताणली गेली, तोंड उघडलं, मिटलं. मामा तिच्याकडे पाहतच राहिला.

"आत्ता ओरडली ती?"

"हो."

त्यानं पिपाणी तिच्या हातात दिली. तिनं उघडून पाहिलं, आवाज काढणारी आतली पत्ती उभी चिरली होती.

"कालही अशीच वाजली?" मामानं विचारलं.

"हो."

"मग मान कशाला डोलावलीस?"

"तुम्ही डोळे मिटून फुंकत होतात. मला वाटलं, माझंच चुकतंय."

"गेल्या वर्षी चौघं होते," मामा म्हणाला. "चौघांनीही मान डोलावली. गाढवं."

इलोंकाच्या खिशात तिची स्वतःची नवी पिपाणी होती. मामानं ती तिला ओठांना लावायला लावली आणि आपला तळवा तिच्या तोंडापुढे धरला. आवाज नाही, तर हवा तरी हाताला लागत होती.

"खोकल्यासारखं फुंकू नकोस. जोर कमी. आता सोड, हळूहळू नाही, एकदम तोडून टाक. हं. पुन्हा."

बऱ्याच वेळानं त्यानं हात काढून घेतला. "आता थांबायचं. फुंकण्यापेक्षा थांबणं अवघड."

नर आला तो वाऱ्याच्या खालच्याच अंगानं, फांद्या मोडत, जीभ बाहेर काढून. मोकळ्यावर येऊन आडवा उभा राहिला. इलोंकाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण नेम हलला नाही. गोळी लागली. चार उड्या मारून नर कुट्टूत पडला.

मामानं शिकाऱ्यांच्या रीतीप्रमाणे ओकची डहाळी मोडून शेवटचा घास म्हणून त्याच्या तोंडात ठेवली. दुसरी डहाळी त्याच्या रक्ताला टेकवून आपल्या टोपीवर ठेवली आणि टोपी भाचीपुढे धरली. तिनं डहाळी आपल्या टोपीत खोचली. मग दोघांनी हस्तांदोलन केलं.

घरी येऊन त्यानं नराचं काळीज टेबलावर ठेवलं आणि वेरोनामामीला स्वतःच सांगितलं, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

"किटली शिट्टी मारमारून कोरडी होते, तेव्हाच कळलं मला. माझ्या हाका तरी येतात का ऐकू?"

"त्या येतात."

"मग ओ का देत नाहीस?"

मामानं कांदे कुठे आहेत ते विचारलं.

कान तपासायला तो त्या आठवड्यात गेला नाही आणि पुढच्याही नाही. पण शनिवारी नव्यांची तुकडी जमली तेव्हा त्यानं इलोंकाला पुढे बसवलं. "वारा, वेळ, दम मी सांगेन. आवाज बरा की वाईट, ते ही सांगेल. आणि माझी पिपाणी भिकार वाजली तर तोंड उघडून सांगायचं."

"गेल्या वर्षी भिकारच वाजत होती," गेल्या वर्षीच्या चौघांतला काल्मान मागून म्हणाला.

मामा त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.