निवडीची खुर्ची

"काकू, हे पाहा बरं," म्हणत मालक वीरेंद्रनं परत आलेला टॉर्च पेटवून भिंतीवर धरला. "दोन एलईडी पांढरे अन् एक पिवळा. दुकानदारानं पेटीच परत धाडली."

शहापूरच्या त्या लहानशा टॉर्च कारखान्यात एलईडी निवडणारी बाई एकच, कुंताबाई. तिला भिंतीवर पिवळं काहीच दिसेना.

"माल खराब आला असंल," ती तोऱ्यात म्हणाली.

"सोमवारची पेटी होय. उरलेला माल पुन्हा पाहून घ्या," एवढं बोलून मालक पॅकिंगकडे गेला.

स्वस्तातले एलईडी सगळे मिसळून येत. एकेक पेटवायचा, उजेड कोऱ्या कागदावर पाडायचा. निळसर, पांढरे, पिवळसर अशा तीन डब्यांत टाकायचे, मिणमिणते बाजूला. या कामात कुंताबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेजारी शिकायला बसलेल्या तृप्तीला ती उठता-बसता टोचायची, "डोळे हायेत का बटनं वं?" दिवाळीत डॉक्टरनं कुंताबाईला सांगितलं होतं, साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला, ऑपरेशननं भागणार नाही. ती कोणाजवळ बोलली नाही. खुर्ची गेली की घरी सुनेच्या तोंडाकडे पाहत दिवस काढायचे, हीच तिला भीती.

"तृप्ते, सोमवारी तू काहून नाई आली?"

"कोंढ्याले गेली होती, मावशीकडे."

कुंताबाई बघतच राहिली. तृप्ती नव्हती तेवढीच पेटी बिघडली!

"मंग रोज तू...?"

तृप्तीनं मान खाली घातली. "तुम्ही जेवाले उठल्या का मी चुकलेले बदलवून ठेवत होती."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. मी कोणाले नाई सांगत, काकू. रोज करीन ना."

बाप्पा रे! एवढे महिने या पोरीला आपण काय काय बोललो! कुंताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, खुर्ची तृप्तीकडे सरकवली आणि पॅकिंगच्या बायकांत खाली जाऊन बसली.

तृप्ती भीतभीत खुर्चीवर टेकली. तिनं एक एलईडी पेटवला आणि सवयीनं विचारलं, "काकू, हा कोणता वो?"

बायकांचे हात थांबले. वीरेंद्रही वळला. कुंताबाईनं त्या उजेडाकडे खूप वेळ पाहिलं.

"मले नाई समजत, माय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तूच टाक," आणि समोरचं खोकं दुमडायला लागली.